अकरा ठिपके

जिवंत काय आहे ते कोणीही ओळखतो. मेलेलं खरोखर मेलंय की नाही, हे सांगायला माणूस लागतो शकुसारखा. घाटकोपरच्या पंतनगरात राहणारी शकुंतला दादाराव नगराळे, म्हणजे आपली शकु, रोज सकाळी मेट्रोने मरोळला जाते आणि दिवसभर हेच काम करते. तिथे इंडस्ट्रियल एरियातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, खाण्याचे पदार्थ तपासणारी लॅब आहे. खिडकीजवळचं टेबल शकुचं. त्या टेबलावर कोणी न विचारता स्वतःचं पेन ठेवलं तरी ती नुसतं बघते, आणि पेन उचललं जातं.

काम काय ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. विरजणात जे जिवाणू असतात ना, त्यांच्याच गोतावळ्यातले काही पोटाला फार चांगले. कंपन्या ते पेजेच्या पिठात घालतात, बिस्किटात घालतात. पण जिवंत जिवाणूंचे नखरे जावयाच्या वर. त्यांना थंड ठेवा, गरम पाणी लावू नका, आणि ज्याच्या अंगात आधीच ताकद उरलेली नाही अशा पेशंटला देताना डॉक्टरही दहा वेळा विचार करतो. म्हणून हल्ली काही कंपन्या ते जिवाणू आधी तापवून मारतात आणि मग खाण्यात मिसळतात. मेल्यावरही त्यांचा गुण थोडाफार उरतो, असं जाणकार म्हणतात. अशी पावडर बाजारात जाण्याआधी तिच्या कितीतरी परीक्षा होतात. दुसरे रोगजंतू घुसलेत का, काही विषारी उतरलंय का, ते बाकीचे लोक बघतात. 'मारले म्हणता, पण मेलेत का?' हा प्रश्न तेवढा शकुच्या टेबलावर येतो.

त्याची रीत अशी. छोट्या गोल प्लेटमध्ये जिवाणूंचं खाणं, लॅबच्या भाषेत मीडिया, ओतून थिजवायचं, अगदी जेलीसारखं. त्यावर पावडर कालवलेलं पाणी पसरायचं आणि प्लेट तीन दिवस उबेला ठेवायची. जो जिवंत असेल तो खाऊन वाढतो आणि पांढरा ठिपका होऊन दिसतो. प्लेट कोरी राहिली तर सगळे मेलेले. सोपं वाटलं ना? इथेच भलेभले फसतात. प्लेट कोरी राहायला आणखी एक कारण असू शकतं. खाणंच बिघडलेलं असेल, तर त्यात जिवंत जिवाणूही वाढणार नाही. म्हणून दरवेळी शेजारी एक वेगळी प्लेट ठेवतात. तिच्यात मुद्दाम जिवंत जिवाणू सोडायचे, मोजून साधारण दोनशे. ती भरभरून फुलली तरच शेजारच्या कोऱ्या प्लेटवर विश्वास ठेवायचा. कागदावर तिचं नाव कंट्रोल प्लेट. शकु तिला साक्षीदार म्हणते.

हे सगळं ती पुस्तकातून शिकली नाही. एकोणिसाव्या वर्षी ती या लॅबमध्ये लागली ती बाटल्या धुवायला. बारावी सायन्स झालेली, बाप मूर्तिजापूरकडून मुंबईत आलेला, पाठीमागे दोन भावंडं, मग मिळेल ते काम. तीन पाण्यांनी साबण काढायचा आणि वर शुद्ध पाण्याचा एक हात द्यायचा, असं तिला सांगितलं होतं. ती पाच पाण्यांनी काढायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "साबण राहिला की बाटली खोटं बोलते." तेव्हा नवीनच लागलेल्या डॉक्टर क्षमा बर्वे यांनी हे वाक्य ऐकलं आणि या मुलीला म्हणाल्या, "तू टेबलावर ये." आज त्या क्षमा मॅडम लॅबच्या प्रमुख आहेत. मधल्या काळात शकुने लग्न केलं, मुलगी वाढवली, सकाळचं कॉलेज आणि दुपारची ड्युटी असं करत चौतिसाव्या वर्षी बी.एस्सी. केलं. आता शेहेचाळिशीत मॅडमनी तिचं नाव रिपोर्टवर सही करणाऱ्यांच्या यादीत घातलं. बाहेरून तपासनीस आले, त्यांनी तिला दोन तास उभं-आडवं विचारलं, आणि नाव पक्कं झालं.

आता सही म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. रिपोर्ट कितीही जणांनी केला तरी खाली एकाच माणसाचं नाव असतं, आणि चुकलं तर मान त्याचीच. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातले एक-दोघे नाक मुरडून म्हणालेच होते, "बाटल्या धुणारी सही करणार?" बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. पण ते शकुच्या कानावर गेलं होतं आणि आत कुठेतरी रुतून बसलं होतं.

तिचा नवरा दादू पालिकेत वायरमन. मनाने राजा माणूस, पण पोटात काही राहायचं नाही. त्याने पंतनगरभर सांगून ठेवलं होतं की आमची शकु शुक्रवारी पहिली सही करणार. झालं, विहारातल्या महिला मंडळाने रविवारी सत्कार ठरवला. शाल आणली, फलक रंगवला. फलकावर लिहिलं होतं: 'पहिल्या सहीबद्दल हार्दिक अभिनंदन'. सही अजून व्हायची होती, पण दादूपुढे कोण बोलणार.

पहिली सही ज्या रिपोर्टवर व्हायची, ती पावडर बोरीवलीच्या देवेशभाईंची. माणूस सरळ. त्यांची पेशंटसाठी तयार पेज बनवायची छोटी कंपनी, आणि त्या पेजेत हे तापवून मारलेले जिवाणू जायचे होते. तीन लॉट आले होते, एक, दोन, तीन असे नंबर टाकून.

घोळ झाला सोमवारी. जिवाणूंचं खाणं शकु स्वतः बनवते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. सहा बाटल्या भरून तिने ऑटोक्लेव्हमध्ये लावल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. दहा मिनिटं झाली नाहीत तोच मशीन ट्रिप होऊन बंद पडलं. नियम सरळ आहे: अर्धवट शिजलेलं फेकून द्या, नवीन बनवा. पण शकुच्या घरात शिळी भाकर कधी फेकलेली नाही, तिची आई ती कुस्करून फोडणीला टाकायची. सहा बाटल्या भरलेलं खाणं मोरीत ओतायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. तिने मशीन परत चालू केलं आणि त्याच बाटल्या पुन्हा पुऱ्या शिजवल्या. बाहेर काढल्या तेव्हा रंग जरा गडद दिसला. नेहमी कोऱ्या चहासारखा असतो, आज गुळाच्या पाकाकडे झुकलेला. शकुने एक बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "चालेल."

सत्तावीस वर्षांत तिने दुसऱ्या कोणाचं 'चालेल' चालवून घेतलं नव्हतं. स्वतःचं मात्र चालवलं. माणूस आहे शेवटी.

मंगळवारी सकाळी प्लेटा लावल्या. शुक्रवारी सकाळी शकु इस्त्रीची साडी नेसून आली, वरून पांढरा कोट. सोबत रेवती, एम.एस्सी. झालेली, कामाला चलाख पोरगी. दोघींनी मिळून उबेतल्या प्लेटा काढल्या. लॉट एक, कोरी. लॉट दोन, कोरी. लॉट तीन, कोरी. रेवतीने तिन्ही ठिकाणी 'वाढ नाही' लिहिलं आणि हसून म्हणाली, "ताई, पेन काढा."

शकुने शेवटची प्लेट उचलली. साक्षीदार. तिने ती काळ्या कागदावर ठेवली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. अकरावर मोजणं संपलं. तिने पुन्हा मोजलं. अकराच.

"वाढ झालीय ना ताई?" रेवती म्हणाली. "फॉर्मवर तेवढंच विचारलंय. कंट्रोल प्लेटवर वाढ, होय की नाही. होय."

आणि रेवती खोटं सांगत नव्हती, बरं का. फॉर्मवर खरंच तेवढंच होतं. एका चौकोनात टिक करायची. अकरा ठिपके म्हणजे वाढच. टिक केली असती तर जगातल्या कुठल्याही तपासनिसाला बोट ठेवता आलं नसतं.

शकुने हातातलं पेन खाली ठेवलं.  सोमवारचा तो गडद रंग तिच्या डोळ्यांसमोर आला आणि काय झालंय ते तिला त्याच क्षणी समजलं.

"दोनशे सोडले होते आपण," ती रेवतीला म्हणाली. "अकराच जगले. म्हणजे या खाण्यात एकशे एकोणनव्वद जण उपाशी मेले. मग लॉट तीनमध्ये जर पाच-सात जिवंत असतील, तर ते दिसले असते का?"

 रेवती हळूच म्हणाली, "पण ताई, तुमची पहिली सही आहे."

"म्हणूनच म्हणते ना."

एवढं बोलली खरी, पण क्षमा मॅडमच्या केबिनपर्यंतचा तो वीस पावलांचा बोळ तिला त्या दिवशी संपता संपेना. ती एकदा मागे फिरली. पाण्याच्या कूलरजवळ उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला वाटलं की टिक करावी. कोणाला कळणार होतं? सोमवारी मशीन ट्रिप झालं तेव्हा तिथे तिच्याशिवाय कोणी नव्हतं. बाटल्या धुणारी सही करणार का म्हणणाऱ्यांच्या हातात ती स्वतःहून कोलीत द्यायला निघाली होती. आणि रविवारचा तो फलक. पाणी प्यायली, ग्लास धुऊन जागेवर ठेवला आणि केबिनचं दार ढकललं.

"मॅडम, देवेशभाईंचा रिपोर्ट आज देता येणार नाही. मीडिया मी बिघडवलाय." आणि सोमवारची सगळी कथा तिने सांगितली, 'चालेल' म्हटल्यासकट.

क्षमा मॅडमनी चष्मा काढला. "शकु, अगं आज? मी वरच्यांना केवढं पटवून तुझं नाव घातलंय, माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"फेकायचं होतंस ना."

"फेकवलं नाही, मॅडम."

मॅडम चिडल्या होत्या, आणि का चिडू नये? त्यांचंही नाक कापलं जाणार होतं.  मग त्यांनी खण उघडून चुकीची नोंद करायचा फॉर्म काढला आणि शकुपुढे सरकवला. "लिही. तुझ्याच अक्षरात लिही. आणि आजच नवीन खाणं बनवून प्लेटा लाव."

म्हणजे बघा, ज्या दिवशी शकुची पहिली सही रिपोर्टवर व्हायची होती, त्या दिवशी ती स्वतःच्या चुकीखाली झाली. कोणाच्याही नावाआड न लपता तिने लिहिलं: 'मशीन बंद पडल्यावर मीडिया फेकून देणे आवश्यक होते. मी तो पुन्हा शिजवला. चूक माझी.' मग उरलेल्या बाटल्या स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या. ओतताना तिला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

देवेशभाईंना फोन तिनेच केला. ते भडकले. "ताई, सोमवारी माझा माल गाडीत चढणार आहे. तिन्ही प्लेट कोऱ्या आहेत असं तुम्हीच सांगता, मग अडलंय काय?"

"त्या कोऱ्या आहेत, पण खऱ्या आहेत की नाही ते मला सांगता येत नाही," शकु म्हणाली. "माल थांबवा. चूक आमची आहे, तुमची नाही." त्यांनी फोन आपटला.

घरी दादूने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, रविवारचं काय करू आता? झाकली मूठ ठेव ना. सत्कार घे, सही पुढच्या आठवड्यात कर. कोण विचारायला येतंय?"

"फलकावर काय लिहिलंय?" शकुने विचारलं.

दादूने टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी विहारात पांढऱ्या साड्या आणि पांढरे शर्ट दाटीने बसले होते. वंदना झाली, त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, खोटं बोलणार नाही असं चौथं शीलही म्हटलं. अध्यक्षांनी माइकवर सांगायला सुरुवात केली की आपल्या शकुताईंनी परवा पहिली सही केली. शकु उठली आणि माइक मागून घेतला.

"मी सही केली नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून काम बिघडलं. दोनशे जिवाणू वाढायला पाहिजे होते, तिथे अकराच वाढले. अशा कामावर सही केली असती तर ती खोटी सही झाली असती. शाल ठेवून द्या. माझा साक्षीदार फुलला की घेईन." आणि साक्षीदार म्हणजे काय, तेही तिने दोन वाक्यांत समजावलं.

 दादू चप्पल ठेवायच्या रॅककडे बघत बसला. मग पुढच्या रांगेतली शेवंतामावशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पालिकेत झाडू मारून रिटायर झालेली, बसल्या जागेवरून म्हणाली, "अध्यक्ष, खाली बसा आता. चौथं शील आपण नुसतं म्हणलं. पोरीनं पाळलं." आणि तिने पहिली टाळी वाजवली. मागून सगळ्यांनी वाजवल्या. दादूने सर्वांत जोरात वाजवली, असं त्याचं स्वतःचं म्हणणं.

सोमवारी सकाळी शकु वेळेच्या आधी लॅबमध्ये पोचली. रेवती तिच्याही आधी आलेली. क्षमा मॅडमही कामाचं निमित्त काढून टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. या वेळी शकुने साक्षीदार आधी काढला. प्लेट पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरली होती. दोघींनी मिळून मोजले: दोनशे चौदा. शकुचे खांदे खाली आले.

मग लॉट एक. कोरी. लॉट दोन. कोरी.

लॉट तीनवर सात ठिपके होते.

 रेवतीने तोंडावर हात ठेवला. शकुने एक ठिपका उचलून काचपट्टीवर घेतला, मायक्रोस्कोपखाली बघितला. तोच जिवाणू, ज्याला मेलेला म्हणून पाठवलं होतं. तरी तिने तेवढ्यावर लिहून दिलं नाही. "एकदा मी स्वतःवर विश्वास ठेवून फसलेय," म्हणाली, आणि लॉट तीन पुन्हा लावला. गुरुवारी काढला. साक्षीदार भरलेला, आणि लॉट तीनवर नऊ ठिपके.

गुरुवारी दुपारी बोरीवलीहून देवेशभाई स्वतः आले. त्यांनी रिपोर्ट वाचला. लॉट एक, पास. लॉट दोन, पास. लॉट तीन, नापास. खाली पूर्ण नाव: शकुंतला दादाराव नगराळे. 

"कारखान्यात विचारलं मी," ते म्हणाले. "तिसऱ्या लॉटच्या वेळी पावडर करपायला लागली म्हणून ऑपरेटरने हीट कमी केली होती. त्याला वाटलं, चालेल." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "ताई, ही पेज केमो घेणाऱ्या पेशंटकडे जाणार होती. शुक्रवारी तुम्ही पासचा रिपोर्ट दिला असता, तर मी पाठवून मोकळा झालो असतो."

चालेल हा शब्द ऐकून शकुचे कान तापले. "त्या ऑपरेटरला ओरडू नका," ती म्हणाली. "त्याला इथे पाठवा एक दिवस. मी त्याला माझा फॉर्म दाखवते."

आणि तिने तो खरंच दाखवला. आज त्या लॅबमध्ये नवीन माणूस लागला की क्षमा मॅडम त्याला आधी शकुकडे पाठवतात. शकु दोन कागद शेजारी शेजारी ठेवते, एक चुकीची नोंद आणि एक रिपोर्ट, दोन्हींखाली एकच सही. फॉर्मही बदललाय. 'होय की नाही' जाऊन तिथे आता 'किती' असं विचारलेलं असतं. वरच्या मजल्यावरून बाटल्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी विहारात फलक नव्हता. दादूने स्वतःच तो काढून ठेवला होता. वंदना संपली, लोक उठायला लागले, तेवढ्यात पुढच्या रांगेतून शेवंतामावशीने मान वळवली.

"काय गं शकु, तुझा साक्षीदार उभा राहिला का?"

"राहिला मावशी. दोनशे चौदा."

"आणि सही?"

"केली."

पास की नापास, हे मावशीने विचारलं नाही आणि शकुने सांगितलं नाही, ते बाहेर सांगायचं नसतंच. शकु पुढे आली, पांढऱ्या साडीचा पदर सारखा केला आणि अध्यक्षांना म्हणाली, "आता द्या ती शाल."